वर म्हणजे नेमकं कुठे?

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

मंडळी, आपल्या खोडाळ्यात हे वाक्य न ऐकलेला माणूस दाखवा. रेशन दुकानात ऐकतो, सेवा केंद्रात ऐकतो, बँकेत ऐकतो. पाड्यावरून चालत आलेली बाई दोन तास बाकावर बसते, मग उठते, पिशवी काखेत मारते आणि परत जाते. कधी चालू होईल विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आमच्या हातात काही नाही, वरून बंद आहे."

हे "वरून" मीही कित्येक वर्षं ऐकत आलो. वर म्हणजे नेमकं कुठे, हे कधी विचारलं नाही. गेल्या दिवाळीच्या तोंडावर विचारावं लागलं. त्याची ही गोष्ट. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. त्यात माझीही चूक आहे, ती लपवणार नाही.

शेजारच्या पाड्यावरची एक मावशी पासबुक घेऊन घरी आली. नाव लिहीत नाही. म्हणाली, "गुरुजी, बघा जरा. पैसे कमी का लागतात?" पासबुक कित्येक महिन्यांनी छापून आणलेलं. मी ओळी बघत गेलो. जुलैमध्ये, दोन दिवसांत, तीन वेळा पैसे निघालेले. मिळून साडेसहा हजार. प्रत्येक ओळीत एईपीएस. म्हणजे चेक नाही, कार्ड नाही. आधार नंबर आणि बोटाचा ठसा देऊन काढलेले पैसे.

तारीख वाचून दाखवली तर मावशी बोटांवर मोजायला लागली. मग म्हणाली, "त्या दिशी तर आमची आवणी होती. दिवसभर चिखलात होतो आम्ही. अंगठा कुठं दिला मी?"

आपल्याकडे आवणीच्या दिवसांत कोणी पैसे काढायला जीप पकडून जात नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि अजून एक गंमत बघा. याच मावशीचा अंगठा रेशनच्या यंत्रावर तीन तीन वेळा लागत नाही. आयुष्यभर भात, नाचणी, वरई केलेला हात. रेषा झिजून गेल्यात. खरा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, आणि तिच्या नावाचा कुठला तरी ठसा तिकडे पहिल्या झटक्यात पास होतो.

बँकेत गेलो. तिथले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, "ठसा जुळलाय म्हणजे सिस्टीमच्या हिशेबाने त्यांनीच काढलेत." मी विचारलं, कुठल्या गावी, कुठल्या यंत्रावर? तर, "ते इथे दिसत नाही. वरून माहिती मागवावी लागेल."

पुन्हा वर.

तिथेच बाहेर बसून वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो. मावशीचं खातं बँकेत. बँकेचं सॉफ्टवेअर चालवणारी कंपनी बाहेरची. गावोगाव यंत्र घेऊन बसणारे बँक मित्र असतात, त्यांना नेमणारी कंपनी वेगळी. त्यांच्या हातातलं ठशाचं यंत्र आणखी कुणाचं. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत निरोप नेणारी वाट एनपीसीआयची. ठसा खरा की खोटा हे सांगणारं आधारचं खातं, म्हणजे यूआयडीएआय. आणि "तुमच्या खात्यातून इतके पैसे गेले" हा मेसेज पाठवणारी कंपनी अजून निराळी. पान भरलं. मावशीने आयुष्यात यातल्या एकाच ठिकाणी सही, म्हणजे अंगठा, दिला होता. बँकेत. बाकीच्यांना तिने कधी बघितलेलं नाही आणि त्यांनी तिला.

हीच ती तिसरी पार्टी. आपण बँकेवर विश्वास टाकतो, बँक दुसऱ्यावर टाकते, दुसरा तिसऱ्यावर. विश्वास असा हातोहात पुढे जातो. प्रत्येकाने आपापलं दार लावलंय का, हे मात्र मागचा माणूस जाऊन बघत नाही.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, एका पासबुकावरून एवढं कशाला. म्हणून दोन मोठ्या घटना सांगतो. दोन्ही घडलेल्या, पेपरात आलेल्या.

पहिली, ३१ जुलै २०२४. देशभरातल्या साधारण तीनशे छोट्या बँकांचे ग्राहक त्या दिवशी यूपीआयने पैसे पाठवू शकत नव्हते. बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका. म्हणजे आपल्यासारख्यांची खाती असतात तशा. बँकांवर दरोडा पडला नव्हता. या बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअर हल्ला झाला होता. रॅन्समवेअर म्हणजे फाइलींना कुलूप लावायचं आणि चावीसाठी खंडणी मागायची. सी-एज ही काही कोपऱ्यातली कंपनी नाही. टीसीएस आणि स्टेट बँक यांनी मिळून काढलेली. एनपीसीआयने ताबडतोब तिची जोडणी तोडली, म्हणजे आग पुढच्या घरांना लागू नये. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पूर्ववत झाली. आपल्या पालघर जिल्ह्याला दहा वर्षं पूर्ण झाली तोच दिवस.

पण चोर शिरला कुठून? क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने नंतर अहवाल दिला. त्यानुसार वाट सी-एजच्या दारातून नव्हती. सी-एजसोबत काम करणाऱ्या ब्रॉन्टू नावाच्या दुसऱ्या एका कंपनीचा एक सर्व्हर नीट बांधलेला नव्हता. त्यावरच्या जेनकिन्स या सॉफ्टवेअरमधली त्रुटी जानेवारी २०२४ मध्येच जगजाहीर झाली होती, दुरुस्तीही तेव्हाच आली होती. अहवालाप्रमाणे चोरांनी तीच फट वापरली.

आता जरा थांबून मोजा. ग्राहकाची बँक. बँकेची कंपनी. त्या कंपनीच्या सोबतची कंपनी. तिचा एक सर्व्हर. त्या सर्व्हरवरचं एक सॉफ्टवेअर. आणि ते अपडेट न करणारा कोणीतरी एक माणूस, कुठल्या तरी शहरात. खेड्यातल्या बाकावर बसलेल्या बाईला "वरून बंद आहे" सांगतात ना, ते वर हे असं असतं.

दुसरी घटना २०१६ ची. त्या वर्षी देशातली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डं धोक्यात आली. एकट्या स्टेट बँकेने सहा लाखांच्या आसपास कार्डं बदलून दिली. तुमच्यापैकी काहींना तेव्हा न मागता नवं कार्ड आलं असेल. मूळ बिघाड कुठल्या एका बँकेच्या तिजोरीत नव्हता. काही बँकांची एटीएम सांभाळणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीच्या यंत्रणेत मालवेअर शिरलं होतं. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, कंपनीने ते मान्यही केलं. एनपीसीआयच्या तेव्हाच्या आकड्यांप्रमाणे १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांचे मिळून १ कोटी ३० लाख रुपये गेले होते.

पण मला यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ही चोरी उघडकीला कशी आली? ग्राहकांनी तक्रारी केल्या, की आम्ही इथे भारतात आहोत आणि आमचं कार्ड चीनमध्ये, अमेरिकेत चालतंय.

वाचलंत? आमची मावशी जे बोलली, अगदी तेच. मी इथे आवणीत, माझा अंगठा तिकडे.

एवढ्या मोठमोठ्या कंपन्या, ऑडिट, सर्टिफिकेटं, सगळं असून चोरीचा पहिला वास आला तो "माणूस इथे आणि व्यवहार तिथे" या साध्या विसंगतीवरून. ती विसंगती ज्याची त्यालाच आधी कळते. पण कधी? त्याने बघितलं तर. त्याच्यापर्यंत निरोप पोचला तर.

आता ठशाचं सांगतो, कारण बँकेतले साहेब म्हणाले तसं बरेच जण म्हणतात. ठसा जुळला म्हणजे तोच माणूस. तसं नसतं. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्डवाल्याने जमीन नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवरून दस्त उतरवले, दस्तावरच्या अंगठ्यांचे नकली ठसे बनवले आणि त्यावर सिमकार्डं चालू केली. २०२३ मध्ये कर्नाटकातही असंच निघालं. जमिनीच्या दस्तांवरून आधार नंबर आणि ठसे घेऊन लोकांच्या खात्यांतून एईपीएसने पैसे काढले गेले. दोन्हीकडे आधारचा साठा फोडण्याची गरजच पडली नाही. तो ठसा तिसऱ्याच खात्याच्या वेबसाइटवर उघडा पडला होता. एका खात्याने तिजोरी बांधायची आणि दुसऱ्या खात्याने चावीचा ठसा नोटीस बोर्डावर लावायचा, असा प्रकार.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलून आणायचा?

मावशीचा ठसा कुठून गेला हे मला आजही माहीत नाही, आणि पुराव्याशिवाय कुणाचं नाव मी घेणार नाही. तिने अंगठा कुठे कुठे दिलाय ते मी तिला आठवायला लावलं. रेशन. सिमकार्ड, जे नंतर बंद पडलं. बचत गट. गॅस. रोजगार हमीच्या मजुरीसाठी आधार जोडलं तेव्हा. लाडक्या बहिणीच्या वेळी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात तेव्हा तिकडच्या बाजारात पैसे काढताना. एकदा तर कोणीतरी पाड्यावर बॅग घेऊन आला होता, "सरकारी योजना आहे, अंगठा लावा". कुठली योजना, तिला आठवत नाही. पाड्यावरच्या बऱ्याच जणांनी लावला होता.

आता माझी चूक.

बँकेतल्या साहेबांनी मला विचारलं, "पैसे निघाल्यावर मेसेज गेला असणार. खात्याला मोबाईल कुणाचा आहे?" मावशीने माझ्याकडे बघितलं. मोबाईल माझाच होता. तिचं सिम बंद पडलं तेव्हा मीच म्हटलं होतं, राहू द्या मावशी, माझा नंबर टाकतो. अशा पाच-सहा खात्यांना माझा नंबर आहे. चांगल्या मनाने दिलेला. लोक म्हणायचे, गुरुजींचा नंबर आहे म्हणजे काळजी नाही.

तिथेच मोबाईल काढून मागे मागे गेलो. जुलैचे ते तिन्ही मेसेज होते. रिचार्जच्या जाहिराती, कर्ज घ्या, लॉटरी लागली, असल्या शंभर मेसेजच्या मध्ये. न वाचलेले. आपल्याकडे रेंज आली की सगळे मेसेज एकदम कोसळतात, आणि आपण ते एकदम पुसतो किंवा तसेच सोडतो. मी सोडले होते.

एवढंच नाही. गॅलरी बघितली तर त्यात चाळीसेक लोकांची आधारकार्डं, पासबुकाची पहिली पानं, मुलांचे जातीचे दाखले. फॉर्म भरताना काढलेले फोटो. काम झालं, फोटो राहिले. फोन हरवला असता तर?

जगभरची उदाहरणं शोधत होतो आणि साखळीतली एक कच्ची कडी माझ्या खिशात होती. माझ्या वहीतल्या यादीत मी स्वतःचं नाव लिहिलंच नव्हतं.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या भागात प्रत्येक पाड्याला असा एक "विश्वासातला माणूस" असतो. शिक्षक, बचत गटाची ताई, सेवा केंद्राचा पोरगा, शिकलेला पुतण्या. त्याच्या मनात खोट नसते. पण अमेरिकेत २०१३ साली टार्गेट नावाच्या मोठ्या दुकानसाखळीची सुमारे चार कोटी कार्डं चोरीला गेली, ती तिथे एसी आणि फ्रिजचं काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या पासवर्डवरून. त्या कंत्राटदाराच्या मनातही खोट नव्हती. नियत साफ असणं वेगळं आणि दार लावलेलं असणं वेगळं.

आता कामाचं. हे जपून ठेवा.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं, आणि सहकारी बँकांसाठी तसंच १४ डिसेंबर २०१७ ला. त्यात आपल्या या तिसऱ्या पार्टीचा सरळ उल्लेख आहे. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी आहे, आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ग्राहकावर मर्यादित भार. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. आणि चूक बँकेच्याच बाजूची असेल तर उशिरा कळवलं तरी ग्राहकाचं नुकसान शून्य. ग्राहकाचीच चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवर आहे, मावशीवर नाही.

दुसरं, बँक मित्र ही बँकेचीच माणसं. त्यांनी केलेल्या कामाची जबाबदारी बँकेची, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं पहिल्यापासून आहे. २७ जून २०२५ ला तिने एईपीएस चालवणाऱ्यांची नीट पडताळणी करा, त्यांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवा, असे निर्देश बँकांना दिले. १ जानेवारी २०२६ पासून ते लागू आहेत. त्यामुळे "तो आमचा माणूस नाही" हे उत्तर कोणी दिलं तर लेखी मागा. काम बाहेर देता येतं, जबाबदारी बाहेर देता येत नाही.

तीन दिवसांचा तो हिशेब वाचून माझी झोप उडाली, हे तुम्हाला समजेल. निरोप माझ्या खिशात तीन महिने पडून होता.

१९३० ला फोन केला, तक्रार नोंदवली, बँकेला लेखी अर्ज दिला, पोच घेतली. अर्जात मावशी त्या दिवशी शेतात होती हे लिहिलं, सोबत आवणीला असलेल्या चौघींचे अंगठे... थांबा, अंगठे नाही, फक्त नावं घातली. पैसे अजून आलेले नाहीत. आले की इथेच लिहीन.

तोपर्यंत प्रत्येकाने करायच्या चार गोष्टी.

१. खात्याला नंबर कुणाचा आहे ते या आठवड्यात बघा. तो नंबर चालू आहे का, आणि ज्याचा आहे तो मेसेज वाचतो का? नवरा भिवंडीला कामावर आणि नंबर त्याचा, असं असेल तर निरोप तिकडे वाजतो आणि खातं इथे रिकामं होतं.

२. महिन्यातून एकदा पासबुक छापा आणि कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. तारीख ऐकली की आपल्याला आठवतं आपण कुठे होतो. हीच आपली तपासणी.

३. आधारचा ठसा कुलूपबंद करता येतो, एमआधार ॲपवरून. पण त्यासाठी आधारला मोबाईल जोडलेला लागतो, आणि कुलूप असताना रेशनच्या यंत्रावरही ठसा चालत नाही, आधी उघडावं लागतं. ज्यांच्या घरात हे सांभाळणारं कोणी आहे त्यांनी जरूर करा.

४. अंगठा लावताना यंत्रावर काय लिहिलंय ते विचारा, पावती मागा. "लागला नाही, पुन्हा लावा" म्हटलं तर आधीचा व्यवहार रद्द झाल्याचं बघून मगच पुन्हा लावा. आणि पाड्यावर बॅग घेऊन येणाऱ्याला आधी ग्रामपंचायतीचं पत्र विचारा.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची. आपला तालुका पेसात येतो, ग्रामसभेला मान आहे. नळाला गढूळ पाणी आलं तर आपण टाकी बघतो, मग पाइप बघतो, मग वर विहिरीपर्यंत जातो. तसंच इथे जायचं. येत्या ग्रामसभेत मी लेखी प्रश्न देणार आहे. गावात लोकांची माहिती आणि ठसे कोण कोण घेतं? कुणाच्या वतीने, कुठल्या कंपनीच्या यंत्रावर? काम संपल्यावर जुन्या ऑपरेटरचा लॉगिन बंद केला का? कागदांच्या झेरॉक्स आणि फोटो कुठे राहतात? सर्व्हर बंद पडला तर वहीवर काम करून लोकांना रेशन, मजुरी मिळायची सोय आहे का? आणि काही बिघडलं तर आम्ही कुणाचं दार ठोठवायचं, नाव आणि नंबर द्या.

ही यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली तर अर्धं काम झालं. ज्याच्याकडे आपली चावी आहे हेच माहीत नसेल, त्याचं दार उघडं आहे हे कळणार कसं?

यादीत माझंही नाव असेल. गॅलरीतले सगळे फोटो मी पुसलेत. ज्या खात्यांना माझा नंबर होता त्या घरी जाऊन एकेकाचा बदलायचं चालू आहे. मावशीचा बदलला. मी माफी मागितली तर म्हणाली, "तुम्ही काय चोरी केली का गुरुजी? पण आता नातीचा टाका. ती वाचते." नात आश्रमशाळेत बारावीला आहे. सुट्टीत घरी आली की आजीचे सगळे मेसेज मोठ्याने वाचून दाखवते, जाहिरातीसुद्धा.

तुमच्याही पासबुकात अशी ओळ निघाली असेल तर कळवा, एकत्र अर्ज करू. फक्त कृपा करून कॉमेंटमध्ये पासबुकाचा किंवा आधारचा फोटो टाकू नका.